कुंपणच शेत खातंय आणि आपण कुंपणाला खत घालतोय

राजेहो, पोस्ट लांब आहे. घरात कुणी सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची बारीक पांढरी गोळी घेत असेल तर शेवटपर्यंत वाचा. घरात कुणी घेत नसेल तर शेजारी नक्की घेत असेल, त्याच्यासाठी वाचा.

गेले काही महिने यवतमाळपासून दारव्हा, पुसद, वणीपर्यंत विजेच्या खांबांवर, बसस्टँडच्या भिंतींवर, पेपरात घालून येणाऱ्या पत्रकांवर एकाच चालीची जाहिरात दिसते. ‘थायरॉइड ९० दिवसांत मुळापासून गायब. गोळीपासून कायमची सुटका. इम्युनिटी वाढवा, थायरॉइड पळवा. १०० टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट शून्य.’ खाली मोबाइल नंबर. पत्ता नाही, वैद्याचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही. फोन उघडला की तेच रीलमध्ये, मागं बासरी वाजत असते.

आधी एक सांगतो. थायरॉइड हे रोगाचं नाव नाही. ती गळ्यातली फुलपाखरासारखी ग्रंथी आहे, तुमच्याही गळ्यात आहे, माझ्याही. ती ‘मुळापासून गायब’ झाली तर पंचाईत होईल. ज्याला रोगाचं नाव धड माहीत नाही तो रोग पळवायला निघालाय, हे पहिल्याच ओळीत कळायला हवं होतं.

मी त्यातल्या एका नंबरावर गिऱ्हाईक म्हणून फोन केला. घरच्या बाईला त्रास आहे म्हटलं. पलीकडून गोड आवाज.

“टीएसएच किती आला, दादा?”

“बारा.”

“गोळी कितीची?”

“पंचाहत्तरची.”

“आपलं औषध हातात आलं की त्याच दिवशी बंद करा. त्या गोळीनंच ग्रंथी आळशी होते. आपल्यात एकवीस वनौषधी आहेत, इम्युनिटी आतून मजबूत करते.”

“कोणत्या एकवीस?”

“फॉर्म्युला गुप्त आहे, दादा.”

तीन महिन्यांच्या कोर्सचे साडेसात हजार. बिल मिळेल का विचारलं तर म्हणाली, कुरिअरची पावती असते नं. मग मी विचारलं, माझ्या साळ्याच्या बायकोला उलटा थायरॉइड आहे, वजन घटतं, छाती धडधडते, तिला काय द्यायचं? उत्तर आलं, “हेच. कमी असला तर वाढवते, जास्त असला तर कमी करते.”

हे वाक्य नीट ऐका. बैल डावीकडेही वळवतो आणि उजवीकडेही, कासरा एकच, आणि बैलालाच कळतं कुठं वळायचं! एका आजारात ग्रंथी मंदावते, दुसऱ्यात ती उधळते. दोन्हींवर एकच डबा विकणाऱ्याला दोन्हींतलं काही माहीत नाही, किंवा माहीत असून फिकीर नाही.

आता मुद्द्याचं. ग्रंथी मंदावते कशानं? मिठात आयोडीन आल्यापासून आपल्याकडे त्याचं मोठं कारण बाहेरून येत नाही, आतून येतं. शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा, म्हणजे जंतूंशी लढणारी आपलीच फौज, थायरॉइड ग्रंथीलाच परकी समजते आणि कुरतडायला लागते. १९१२ साली हाकारू हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरनं चार रुग्णांच्या ग्रंथींत पांढऱ्या पेशींची गर्दी पाहिली आणि लिहून ठेवली, म्हणून या आजाराला हाशिमोतोचं नाव. शरीर स्वतःवरच हल्ला करू शकतं हे तेव्हा डॉक्टरांनाही पटत नव्हतं. १९५६ साली लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्धच्या प्रतिपिंडांचा पुरावा दाखवला. आज तुमच्या रिपोर्टवर ‘अँटी टीपीओ’ लिहिलेलं असतं ते त्याच घराण्यातलं. उलट्या प्रकारात, ग्रेव्हज आजारात, हीच फौज ग्रंथीचं बटण दाबून धरते आणि ती थांबतच नाही.

देशातल्या आठ शहरांत पाच हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी झाली होती, त्यात मुंबई होती, गोवाही होतं. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जवळपास ११ टक्के लोकांत थायरॉइड कमी निघाला आणि साधारण २२ टक्क्यांच्या रक्तात अँटी टीपीओ सापडलं. म्हणजे हा चार घरांचा प्रश्न नाही. आणि त्यात बायका जास्त, हे कोणत्याही ओपीडीच्या रांगेत उभं राहिलं तरी दिसतं.

आपल्याकडे म्हण आहे, कुंपणच शेत खातं. ऑटोइम्यून थायरॉइड म्हणजे तंतोतंत तेच. फौज कमजोर नाही, फौज चुकलेली आहे. अशा माणसाला ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणून चूर्ण देणं म्हणजे शेत खाणाऱ्या कुंपणाला युरिया टाकणं. गरज आहे ती नियमनाची. कुठं लढायचं, कुठं थांबायचं, हे शिकवण्याची. वाढवणं आणि नियमन करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि विकणारा मुद्दाम एकीच्या पाकिटात दुसरी घालतो.

हे मी हवेत बोलत नाही. गुळवेलीचंच घ्या. आपल्या जिल्ह्यात कडूनिंबावर चढलेली गुळवेल कुणी विकत घेत नव्हतं, २०२० पर्यंत. करोनात घरोघरी काढा उकळला. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं आयुषचा उपचार-शिष्टाचार काढला, त्यात अश्वगंधा आणि गुळवेल दोन्ही होत्या. आता कुणी म्हणेल गुळवेलीत काही दम नाही, तर मी त्याच्या बाजूचा नाही. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि डॉ. ऊर्मिला थत्ते यांनी १९८० च्या दशकात गुळवेलीवर रीतसर काम केलं. ती प्रतिकारपेशींना चेतवते हे प्रयोगशाळेत दाखवलं. भाभा अणुसंशोधन केंद्रातही तिच्यातल्या एका शर्करेवर अशाच दिशेनं काम झालं. म्हणजे आपली वेल खोटी नाही. ती खरंच काम करते.

आणि भानगड तिथंच आहे. ती काम करते, म्हणूनच ती कुणाला द्यायची, किती द्यायची, कुणाला अजिबात द्यायची नाही हे विचारावं लागतं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉ. आभा नगराळ आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णांची हकीकत छापली. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेले लोक, यकृताला इजा, आणि यकृताचा तुकडा तपासल्यावर दिसलं की स्वतःचीच फौज यकृतावर उठल्यासारखं चित्र आहे. आयुष मंत्रालयानं लगेच हा अभ्यास दिशाभूल करणारा म्हटलं, वनस्पती नीट ओळखलीच नाही, दुसरी जात असू शकते म्हटलं. आक्षेप घ्यायला हरकत नव्हती. पण २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला आणि तोही त्याच दिशेला बोट दाखवत होता.

हे यकृताचं आहे, थायरॉइडचं नाही. गुळवेलीनं हाशिमोतो होतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. पण एक ऑटोइम्यून आजार असलेल्या माणसाला दुसरा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे वैद्यकात जुनं आहे. ज्याची फौज एकदा चुकली आहे त्याला फौज चेतवणारं औषध देताना दहादा विचार करायला नको? खांबावरचा कागद एकदाही करत नाही. त्याच्या एकवीस वनौषधींत गुळवेल आहे की नाही हेही तो सांगत नाही. फॉर्म्युला गुप्त!

‘मग वनस्पतींमध्ये थायरॉइडसाठी काहीच नाही का?’ असं कुणीतरी खाली लिहिणार, म्हणून आधीच लिहितो. आहे. इराणमध्ये तब्रीझला हाशिमोतोच्या ४० रुग्णांवर कलौंजीचा प्रयोग झाला, २०१६ मध्ये छापून आला. रोज दोन ग्रॅम, आठ आठवडे. टीएसएच उतरला, अँटी टीपीओही उतरलं. आपल्याकडे अश्वगंधेच्या मुळाच्या अर्काचा प्रयोग ५० लोकांवर झाला, रोज ६०० मिलिग्रॅम, आठ आठवडे, २०१८ मध्ये प्रसिद्ध. त्यातही टीएसएच सुधारला. पण ते सगळे सौम्य प्रकारचे रुग्ण होते, ज्यांचा टीएसएच थोडा वर आणि टी-फोर अजून ठीक होता. आणि अश्वगंधा थायरॉइडला ढकलते म्हणूनच ती घेऊन थायरॉइड उधळल्याचीही प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली आहेत. ग्रेव्हजच्या बाईला ती ‘शक्तीसाठी’ दिली तर?

चाळीस माणसं, पन्नास माणसं, आठ आठवडे. ही सुरुवात असते. आपल्याकडे कृषी विद्यापीठ एक वाण शेतकऱ्याच्या हातात देण्याआधी किती हंगाम, किती ठिकाणी लावून बघतं? आणि प्रतिपिंड कमी झालं म्हणजे खाल्लेली ग्रंथी परत उगवली असं होत नाही. कुंपण शांत झालं तरी खाल्लेलं पीक परत येत नाही.

ही फौज ताब्यात कशी राहते यावर मोठं काम झालंय. शरीरात लगाम ओढणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. शिमोन साकागुची या जपानी शास्त्रज्ञानं १९९५ मध्ये उंदरांमध्ये दाखवलं की त्या पेशी काढून टाकल्या तर फौज स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडते, थायरॉइडवरसुद्धा. त्या कामासाठी त्यांना आणखी दोघांबरोबर २०२५ चं नोबेल मिळालं. हाशिमोतो जपानी, साकागुची जपानी, मध्ये शंभर वर्षं. आणि इतकं कळूनही हाशिमोतोच्या रुग्णाची फौज वळवून आणणारं औषध आज जगातल्या कोणत्याही दुकानात मिळत नाही. ग्रंथीनं जे हार्मोन बनवायचं ते बाहेरून गोळीनं देणं, एवढाच नेहमीचा उपचार आहे. नोबेलवाल्यांना जे जमलं नाही ते आर्णी रोडच्या खांबावर साडेसात हजारात मिळतंय.

लोक फसतात कसे? लोक मूर्ख नाहीत. फसवणुकीची रचनाच अशी आहे की तिला शरीराचीच साथ मिळते. थायरॉइडची गोळी, लिव्होथायरॉक्सिन, शरीरात फार सावकाश विरते. आठवडा गेला तरी साधारण निम्मी उरते. त्यामुळं ती बंद केली की दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. पंधरा दिवस बरंच वाटतं. “बघा, गोळी सोडली तरी ठणठणीत!” दुसऱ्या महिन्याचे पैसे तोवर गेलेले असतात. दुसरं, सौम्य प्रकारात टीएसएच कित्येकांचा आपोआप खाली येतो. बाळंतपणानंतर होणारा थायरॉइडचा त्रास वर्षभरात बऱ्याच जणींचा आपोआप निवळतो. मधल्या काळात जो चूर्ण विकत होता, श्रेय त्याचं.

तिसरी गोष्ट जास्त वाईट आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत एका गटानं दुकानात विनाचिठ्ठी मिळणाऱ्या ‘थायरॉइड सपोर्ट’च्या दहा गोळ्या-कॅप्सूल तपासल्या. दहापैकी नऊंमध्ये थायरॉइडचंच हार्मोन निघालं! नैसर्गिक म्हणून विकलेल्या डब्यात तेच, ज्याला ही मंडळी विष म्हणतात, आणि किती आहे ते कुठं लिहिलेलं नाही. २००४ मध्ये बोस्टनच्या दुकानांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. खांबावरच्या डब्यात काय आहे ते कुणी तपासलंय? मी विचारतोय, कारण तपासायचं काम ज्यांचं आहे त्यांना पगार मिळतो.

नेर तालुक्यातल्या एका गावातल्या काकू. नाव-गाव सांगत नाही, त्यांनी तसं वचन घेतलंय. आठ वर्षं गोळी चालू होती, कापूस वेचायला जात होत्या, घर चालत होतं. गेल्या वर्षी पत्रक आलं, कोर्स घेतला, गोळी बंद केली. “भाऊ, रोज उठून घ्या लागते म्हणून कटाळा आला होता. तो म्हणे तीन महिन्यात सुटका. मले वाटलं सुटली बा.” पहिला महिना बरा गेला. दुसऱ्यात चेहरा सुजला, आवाज जड झाला, भर उन्हात थंडी वाजायला लागली, वेचणीला उभं राहवेना. फोनवरची ताई म्हणाली, “विष बाहेर पडतंय, कोर्स वाढवा.” वाढवला. शेवटी मुलानं यवतमाळला आणलं तेव्हा टीएसएच शंभराच्या वर होता. गोळी पुन्हा सुरू झाली, दोन महिन्यांत माणसात आल्या. नशीब. वेळीच आणलं नसतं तर अशा रुग्णाची शुद्ध हरपते, अंग थंड पडतं, आणि सगळेच परत येत नाहीत. त्या हंगामाची मजुरी गेली ती गेलीच, वर पंधरा हजार गेले. गोळीचा खर्च किती होता? दिवसाला दोन रुपयांच्या आसपास.

काकूंच्या जागी दिवस गेलेली मुलगी असती तर? पहिल्या महिन्यांत पोटातलं बाळ आईच्याच थायरॉइड हार्मोनवर जगतं. त्याचा मेंदू त्यावर घडतो. त्या काळात गोळी ‘विष’ म्हणून बंद करायला लावणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, मी लिहिलं तर फेसबुक पोस्ट काढून टाकेल.

आता माझ्यावर येणारे दगड मला माहीत आहेत. ‘हा आयुर्वेदविरोधी, फार्मा कंपन्यांचा दलाल.’ ऐका. गलगंडाचं वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. कांचनार गुग्गुळ शार्ङ्गधराच्या ग्रंथातला आहे. जो वैद्य नाडी बघतो, रिपोर्ट बघतो, चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहितो, आपली सही करतो आणि “तुमची गोळी चालू ठेवा, बंद करायची तर तुमच्या डॉक्टरांना विचारून” म्हणतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. असे वैद्य यवतमाळात आहेत, आणि या खांबांवरच्या कागदांचा सगळ्यात जास्त संताप त्यांनाच आहे. आयुर्वेदाचं नाव हे लोक नासवतायत, मी नाही.

डॉक्टरांनाही सोडत नाही. माणूस खांबाकडे जातो तो काही हौसेनं जात नाही. तीनशे-चारशे रुपये फी, पाच मिनिटं, चिठ्ठी हातात, “आयुष्यभर घ्यायची” एवढंच वाक्य, आणि पुढचा पेशंट. आयुष्यभर का, ते कुणी सांगत नाही. गोळी चहाबरोबर घेतली, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर ती अंगी लागत नाही, हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. ते सांगत नाहीत, टीएसएच उतरत नाही, डोस वाढतो, बाई म्हणते गोळी काम करत नाही. टीएसएच जरासा वर दिसला की दुसरी तपासणी न करता गोळी सुरू करणारेही आहेत. आणि दर तीन महिन्यांनी पॅकेजमध्ये अँटी टीपीओ तपासायला लावणारी लॅबवाली मंडळी, त्या आकड्यानं गोळीचा डोस ठरत नाही हे त्यांनाही माहीत असतं. विश्वास असा तुकड्या-तुकड्यानं जातो. तो उचलायला खांबावरचा माणूस तयारच उभा असतो.

पण कायदा? कायदा आहे, जुना आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४. त्याच्या परिशिष्टात ५४ आजार आहेत ज्यांच्यावर इलाज करतो अशी जाहिरातच करता येत नाही. त्यात गलगंड आहे. कुणी वकिली करून म्हणेल की गलगंड म्हणजे थायरॉइड नव्हे, तर त्याच कायद्यात औषधाबद्दल खोटा दावा करणाऱ्या कोणत्याही जाहिरातीला बंदी करणारं कलम वेगळं आहे. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर वर्षभर. आणि तो कायदा फक्त विकणाऱ्याला धरत नाही. जाहिरात प्रसिद्ध करण्यात जो भाग घेईल त्याला धरतो. आमच्या पेपरवाल्या बांधवांनी हे वाक्य दोनदा वाचावं. पहिल्या पानावर ‘आरोग्याशी खेळ’ म्हणून अग्रलेखाचा आव आणायचा आणि सातव्या पानावर ९० दिवसांचा कोर्स छापायचा, हे लोकांना दिसतं. पत्रकं पेपरात कोण घालतं, कुणाच्या परवानगीनं, तेही दिसतं.

वरच्या पातळीवर काय झालं ते बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये उत्तराखंडच्या परवाना अधिकाऱ्यानं पतंजलीच्या दिव्य फार्मसीच्या पाच औषधांचं उत्पादन थांबवायला सांगितलं, त्यात ‘थायरोग्रिट’ होतं. तक्रार केली होती केरळच्या डॉ. के. व्ही. बाबू या नेत्रतज्ज्ञानं, एकट्यानं, अर्जांवर अर्ज करून. काही दिवसांत तो आदेश मागं घेतला गेला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजलं. एप्रिल २०२४ मध्ये जाहीर माफी छापावी लागली, आणि न्यायालयानं विचारलं की माफी जाहिरातींएवढ्याच आकाराची आहे का! त्याच महिन्यात उत्तराखंडनं १४ उत्पादनांचे परवाने निलंबित केले. तोवर दीड वर्ष गेलं होतं.

जाहिरात छापण्याआधी राज्याची मंजुरी घ्या असं सांगणारा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष मंत्रालयानंच राज्यांना पत्र लिहिलं, या नियमाखाली कारवाई करू नका. न्यायालयानं खडसावल्यावर ते पत्र मागं घ्यायचं सोडून १ जुलै २०२४ ला नियमच वगळून टाकला. न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ याचिका निकाली निघाली आणि स्थगितीही संपली. नियम वगळला तेव्हा आयुषचे राज्यमंत्री, स्वतंत्र कार्यभार, कोण होते? आपल्याच विदर्भातले, बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव. कापूस-सोयाबीनवाल्या भागातला माणूस. बोगस बियाण्यानं काय होतं हे त्यांना कुणी सांगायला नको.

बियाण्याचंच बोलू. आपला शेतकरी पाकीट घेताना लॉट नंबर बघतो, बिल घेतो, उगवलं नाही तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रार करतो, पंचनामा मागतो. हे शहाणपण फुकट आलेलं नाही. २०१७ च्या फवारणीत या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर विषबाधेनं गेले, तेव्हापासून डब्यात काय आहे आणि कुणी विकलं हा प्रश्न आपण विचारायला लागलो. मग तोच माणूस आपल्या घरच्या बाईच्या पोटात जाणाऱ्या डब्यावर बॅच नंबर का बघत नाही? बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी, बनवल्याची तारीख, हे आयुर्वेदिक औषधावरही छापावंच लागतं. नसेल तर ते औषध नाही, डबा आहे.

२६ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं की या १९५४ च्या कायद्याखाली लोकांना तक्रार करता येईल अशी यंत्रणा दोन महिन्यांत उभी करा. दोन महिने मे २०२५ मध्ये संपले. यवतमाळात ती यंत्रणा कुठल्या खोलीत बसते हे कुणाला माहीत असेल तर खाली लिहा.

आणि एक मागणी, कारण नुसता शिमगा करण्यात अर्थ नाही. यवतमाळात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आयुर्वेद महाविद्यालयही आहे. दोघांनी मिळून थायरॉइडच्या बायकांची एक ओपीडी आठवड्यातून एक दिवस चालवावी. गोळी चालू ठेवून, लेखी संमती घेऊन, टीएसएच आणि प्रतिपिंडं मोजत, अश्वगंधा असो की कलौंजी, दोन वर्षं पाहावं. निकाल काय येईल तो येईल, छापावा. आयुर्वेदाचा अभिमान असणाऱ्यांनी या मागणीला माझ्याआधी सही करायला हवी.

सोमवारी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय, अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात. गेल्या पाच वर्षांत १९५४ च्या कायद्याखाली यवतमाळ जिल्ह्यात किती तक्रारी आल्या, किती जाहिरातींवर कारवाई झाली, किती डबे तपासायला पाठवले, त्यांत काय सापडलं, आणि तक्रार घेणारा राजपत्रित अधिकारी कोण. ज्यांच्याकडे असे डबे, पत्रकं, कुरिअरच्या पावत्या पडल्या असतील त्यांनी फोटो इनबॉक्समध्ये पाठवा, नाव गुप्त राहील. डबा फेकू नका, तोच पुरावा आहे. गोळी बंद केली असेल तर आजच डॉक्टरांना सांगा, लाजू नका. अर्जाला तीस दिवसांत उत्तर आलं तर इथंच टाकतो. नाही आलं तर अपीलही इथंच टाकीन.